दोन पेपर, चार बढत्या

सरकारी नियम वाचायची सवय लावून घ्या, विनोदी पुस्तकांवरचा खर्च वाचतो. वैद्यकीय महाविद्यालयांतल्या अध्यापकांच्या पात्रतेचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२२चे नियम हे त्यातलंच एक खुसखुशीत प्रकरण. असिस्टंट प्रोफेसरला असोसिएट प्रोफेसर व्हायचं असेल, तर चार वर्षांचा अनुभव हवा आणि दोन पेपर हवेत. पेपर कसले? मूळ संशोधनाचे, नाहीतर मेटा-अ‍ॅनालिसिस, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू किंवा केस सिरीज. छापून कुठे यायला हवेत? ठरावीक सूच्यांत नाव असलेल्या जर्नलमध्ये. आणि अर्जदाराचं नाव पहिल्या तीन लेखकांत हवं. तिथं जागा नसेल, तर तो करस्पाँडिंग ऑथर हवा, म्हणजे संपादकाशी पत्रव्यवहार करणारा.

आता कागद-पेन्सिल घ्या. पहिले तीन आणि करस्पाँडिंग एक, म्हणजे एका पेपरात चार जागा झाल्या. विभागात चार असिस्टंट प्रोफेसर आहेत. चौघांनी मिळून दोन पेपर काढले, की प्रत्येकाच्या खात्यावर दोन-दोन जमा. दोन पेपर, चार बढत्या. कुठलाही नियम मोडलेला नाही, कुणी खोटं बोललेलं नाही. शिवाय चौघांपैकी एकानं काम केलं असेल तरी भागतं. त्यानंही केलं नसेल, तर रेसिडेंट आहेच. रात्री अकराला रेकॉर्ड रूममध्ये बसून जुन्या केसपेपरांतून आकडे उतरवणारा तोच असतो. त्याचं नाव पाचवं येतं, किंवा शेवटच्या पानावर आभारात येतं. आभारात त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं.

२०१५ साली हेच खातं जरा कडक होतं. तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेनं फक्त पहिल्या दोन लेखकांनाच श्रेय द्यायचं ठरवलं होतं. मग विभागाविभागांत पहिल्या दोन नावांसाठी जी रस्सीखेच व्हायची ती झाली, आणि पुढच्या दुरुस्त्यांत, गर्दी बघून गाडीला डबे जोडावेत तशा, लेखकांच्या जागा वाढल्या. त्याच २०१५च्या परिपत्रकात आणखी एक रत्न होतं. फक्त इंटरनेटवर निघणारी जर्नलं धरायची नाहीत. छापील अंक पाहिजे. अख्ख्या जगातलं वैद्यकीय वाङ्मय पडद्यावर गेलेलं असताना आमची परिषद अंकाला शाई लागली आहे का, ते बोट फिरवून बघत होती.

या नियमांची खरी मौज घ्यायची असेल, तर जुने पेपर काढून त्यांना लावून बघावेत. लांब जायला नको. परळला चला.

१९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये केईएम रुग्णालयातून एक पेपर गेला. पहिलं नाव डॉ. वाय. एम. भेंडे, दुसरं देशपांडे, तिसरं भाटिया. पुढं लंडनची चार नावं : सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स. विषय होता रक्तगट. ए, बी आणि ओ, तिन्ही गटांच्या रक्तात एच नावाचा एक मूळ पदार्थ असतो. ए आणि बी त्याच्यावरच चढवलेले मजले. मुंबईत तीन माणसं अशी निघाली, की ज्यांच्या रक्तात हा पायाच नव्हता. नेहमीच्या तपासणीत ती ओ गटाची वाटतात. पण त्यांना ओ गटाचं रक्त दिलं तर अंगावर येतं, कारण ओ गटात एच भरपूर. त्यांना चालतं ते फक्त त्यांच्याच गटाचं रक्त. जगभर या गटाला आज ‘बॉम्बे’ म्हणतात. शहराचं नाव बदललं, पण रक्तपेढीतलं नाव बदलायला अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

हा पेपर घेऊन भेंडे आज निवड समितीसमोर बसले आहेत, असं समजू.

“विषय?”

“नवा रक्तगट.”

“किती रुग्ण?”

“तीन माणसं.”

“तीनच? सॅम्पल साइज कसा काढलात?”

“काढला नाही. तेवढीच सापडली.”

“कंट्रोल ग्रुप?”

“उरलेली मुंबई.”

“पानं किती?”

“दोन.”

इथं अध्यक्ष शेजारच्या सदस्याकडे बघतात. तिघं म्हणजे केस सिरीज धरायची, की हे नुसतं केस रिपोर्टचं प्रकरण? एका रुग्णाची हकीकत नियमात बसत नाही. किती रुग्णांपासून सिरीज सुरू होते, यावर चहा येईपर्यंत चर्चा. शेवटी भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांना प्रत्येकी एक पेपर मिळतो, पण एकच. दुसरा घेऊन या. उरल्या चौघांपैकी फार तर एकाला करस्पाँडिंग म्हणून घेता येईल, बाकीचे बाद. बाद झालेल्यांत कोण कोण असू शकतं तेही बघा. रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर यांनी मानवी रक्तगटांवरचा त्या काळचा प्रमाणग्रंथ लिहिला होता. वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी रक्तगटांची रसायनं उलगडली, आणि दोघांनाही रॉयल सोसायटीनं फेलो केलं. आमच्याकडे मात्र त्यांचं नाव सहावं-सातवं. पुढच्या वर्षी प्रयत्न करा.

हा पेपर भारतात दर दहा हजारांमागे साधारण एका माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे, हे अर्जात लिहायला रकाना नाही.

भेंडे निदान मिळून-मिसळून वागणारे तरी होते. सात नावं होती. केईएमचेच डॉ. रुस्तम जाल वकील यांच्याबाबत काय बोलणार? १९४९ साली त्यांनी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधावर पेपर लिहिला. वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रुग्ण, सर्पगंधाच्या मुळीपासून केलेल्या गोळ्या, आणि दाब किती उतरला याची नोंद. ही मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वापरात होती. १९३१मध्ये कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यावर लिहिलंही होतं, पण तो मजकूर देशाबाहेर कुणी फारसा वाचला नाही. वकिलांचा पेपर वाचला गेला. बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्सनी ती आपल्या रुग्णांवर आजमावली, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाबावर धड औषधच नसलेल्या जगात पहिल्यांदा एक गोळी हाताशी आली. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, आणि पुढच्या वर्षी पद्मभूषण.

पण पेपरावर लेखक एक! चार जणांची सोय होत असताना एकट्याचंच नाव. तीन जागा मोकळ्या सोडल्या. सहकाऱ्यांना धरून राहायची वृत्ती नाही, असा शेरा गोपनीय अहवालात पडायलाच हवा.

आता समितीला आवडेल असा उमेदवार दाखवतो. उगाच नुसती नावं ठेवतो असं व्हायला नको.

जपानचे डॉ. योशिताका फुजी. भूलतज्ज्ञ. ऑपरेशननंतर उलट्या-मळमळ होऊ नये म्हणून द्यायच्या औषधांवर, विशेषतः ग्रॅनिसेट्रॉनवर, काम. पेपर दोनशेच्या वर. नुसती निरीक्षणं नव्हेत, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडलेल्या रीतसर चाचण्या, म्हणजे संशोधनातला सगळ्यात वरचा वर्ग. बहुतेक ठिकाणी पहिलं नाव. जर्नलं नामांकित आणि सूचीतली. आमच्या नियमातली एकेक अट घेऊन टिकमार्क करत जा. पेनातली शाई संपेल, पण माणूस अडकणार नाही.

२००० साली जर्मनीतल्या तिघा भूलतज्ज्ञांनी ‘अ‍ॅनेस्थेशिया अँड अ‍ॅनाल्जेसिया’ या जर्नलला एक पत्र लिहिलं. या माणसाचे आकडे विश्वास बसू नये इतके सुंदर आहेत, असा त्याचा सूर. औषध कुठलंही दिलेलं असो, गटागटांत डोकं दुखणाऱ्या रुग्णांची संख्या पेपरामागून पेपरात तंतोतंत तीच. माणसांची डोकी इतक्या शिस्तीत दुखत नाहीत. पत्र छापून आलं. फुजींनी उत्तर दिलं, तेही छापून आलं. आणि मग? मग काही नाही. त्यानंतर दहा-बारा वर्षं त्यांचे पेपर येतच राहिले. २००५ साली टोकियोच्या तोहो विद्यापीठात त्यांना असोसिएट प्रोफेसर केलं. तिथंही पेपर मोजले असणार.

२०१२मध्ये इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी त्यांच्या १६८ चाचण्यांचं गणित मांडलं आणि असे आकडे योगायोगानं जुळणं जवळजवळ अशक्य असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी विद्यापीठानं फुजींना काढलं, आणि जपानच्या भूलतज्ज्ञ संघटनेनं २१२ पेपर तपासले. १७२ पेपरांत बनावट आकडे निघाले. त्यातले १२६ मुळातच काल्पनिक. म्हणजे औषधही दिलेलं नाही आणि ते घेणारा रुग्णही नाही. ३७ पेपरांचं धड काही ठरवता आलं नाही. निर्दोष निघाले ते ३. आपलं नाव पेपरावर असल्याची खबरही काही सहलेखकांना नव्हती, हेही तपासात आलं. पण २१२ पैकी खरे ३ म्हटले, तरी आमच्या असोसिएट प्रोफेसरच्या अटीपेक्षा एक जास्तच भरतो.

फुजी हे टोक झालं, मान्य. आपल्याकडे इतकी मेहनत कोण घेतं? खोटा पेपर रचायलाही बसावं लागतं. आपली रीत साधी आणि अहिंसक आहे. ती कळायला पेपरांच्या कारखान्याच्या मागच्या दारानं आत जायला हवं, आणि ते दार म्हणजे थीसिस.

एमडी किंवा एमएसला प्रवेश मिळाला की पहिल्या काही महिन्यांतच सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, लागतो. मुलाला अजून आयसीयू कुठल्या मजल्यावर ते माहीत नसतं, आणि विषय निवडायचा असतो. गाइड सांगतात, “फार डोकं नको चालवूस. आपल्याकडे काय भरपूर येतं?” जे भरपूर येतं तो विषय. डेंगीचं वर्ष असेल तर डेंगी. शीर्षकाचा साचा ठरलेला : अमुक आजाराच्या रुग्णांच्या लक्षणांचा एका टर्शरी केअर रुग्णालयातला अभ्यास. सिनॉप्सिस नाशिकला विद्यापीठाकडे जातो आणि एथिक्स कमिटीसमोरही येतो. तिथं हरकत घ्यायला कुणाला जागा नसते, कारण त्यात करायचंच काही नसतं. रुग्ण येणार, रक्त तपासणार, घरी जाणार, नोंद वहीत. मग दोन वर्षं थीसिसकडे कुणी फिरकत नाही. गाइडना राउंड आहे, रेसिडेंटला इमर्जन्सी आहे.

शेवटचे सहा महिने उरले की जाग येते. मास्टर चार्ट! एक्सेलच्या रकान्यांत शंभर रुग्ण भरायचे. नव्वदच जमले असतील, तर पुढं काय होतं ते मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे ते हसतील आणि ज्यांना नाही त्यांची झोप उडेल. तयार चार्ट घेऊन स्टॅटिस्टिशियनकडे जायचं. तो विचारतो, “काय सिद्ध करायचंय?” रेसिडेंट म्हणतो, “सर, तुम्हीच बघा, काय होतंय.” संगणक दळतो आणि कुठे तरी पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली येते, म्हणजे निष्कर्ष छापण्याजोगा ठरतो. गंगेत घोडं न्हालं. बाइंडिंग होतं, सोनेरी अक्षरं उमटतात, अर्पणपत्रिकेत आई-बाबा येतात. एक प्रत विभागाच्या कपाटात जाते. पुढच्या वर्षी येणारा रेसिडेंट तीच प्रत काढतो, साल बदलतो, आजाराचं नाव तेच ठेवतो.

यात कुणाचं चुकलं म्हणाल? मुलाचं नाही. त्याला डॉक्टर व्हायचं होतं, संशोधक नव्हे. छत्तीस तासांची ड्यूटी करून आलेल्या माणसाला कुतूहल बाळग म्हणून सांगणं हा क्रूरपणा आहे. गाइडचंही पुरतं नाही. एकेका गाइडकडे दरसाल नवे विद्यार्थी. चुकलं ते कपाट बनवणाऱ्याचं. एवढ्या प्रती राहतील असं कपाट त्यानं का बनवलं?

बरीच वर्षं पदव्युत्तर परीक्षेला बसण्यासाठी आणखी एक अट असायची. विद्यार्थ्यानं एक पोस्टर लावलेलं असावं, परिषदेत एक पेपर वाचलेला असावा, आणि एक पेपर प्रसिद्ध झालेला, स्वीकारलेला किंवा प्रसिद्धीसाठी पाठवलेला असावा. शेवटचा पर्याय पुन्हा वाचा. पाठवलेला! संपादकानं उघडलाच पाहिजे असं नाही. म्हणजे संशोधनाचा पुरावा म्हणून टपालाची पावती चालत होती. एखाद्या मुलानं दर वर्षी एकच पेपर ‘लॅन्सेट’ला पाठवला असता आणि तो परत आला असता, तरी तो मुलगा पात्र, आणि सांगायला ‘लॅन्सेट’शी पत्रव्यवहार!

या सगळ्या पेपरांना अखेर कुठे तरी उतरायला घर लागतं. ते घर बांधणारे बिल्डरही तयार झाले. सकाळी इनबॉक्स उघडावा तर पत्र : परमआदरणीय प्राध्यापकमहोदय, आपल्या थोर संशोधनानं आम्ही भारावलो आहोत, तरी येत्या अंकासाठी लेख पाठवावा. पत्र हृदयरोगतज्ज्ञाला आलेलं असतं आणि जर्नल असतं मत्स्यशास्त्राचं. लेख पाठवला, की तीन दिवसांत तज्ज्ञांकडून तपासून येतो. दुरुस्ती एकच : शुल्क भरा. जर्नलच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असतं आणि पत्ता चाळीतल्या दुसऱ्या मजल्याचा.

वैद्यक परिषदेनं २०१५च्या यादीत पबमेड, स्कोपस या जर्नलांच्या सूच्यांच्या पंगतीला पोलंडचं इंडेक्स कोपर्निकसही बसवलं होतं, तेव्हा संपादकांच्या एका गटानं लेखी आरडाओरडा केला होता. फायदा दोघांना झाला : अध्यापकाला आणि जर्नलवाल्याला. हे फक्त डॉक्टरांचंच दुखणं आहे असं मात्र समजू नका. पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीची झाडाझडती घेतली. विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ जर्नलं त्यांनी तपासली, त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त नापास ठरली. ही आयोगाची मान्य यादी होती. अमान्य यादी कशी असेल ते आपण कल्पनेनं बघायचं.

आता याच्या उलट बाजूचा एक आकडा, कारण तोच मला सगळ्यात मजेशीर वाटतो. दिल्लीचे शल्यविशारद डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनी २०१६ साली देशातल्या ५७९ वैद्यकीय शिक्षणसंस्थांची दहा वर्षांची पेपरांची खतावणी काढली : २००५ ते २०१४, स्कोपसच्या नोंदींनुसार. वर्षाला शंभरावर पेपर काढणाऱ्या संस्था निघाल्या २५. आणि दहा वर्षांत एकही पेपर नसलेल्या ३३२. म्हणजे ५७ टक्के. शून्य! बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हे एकटं रुग्णालय वर्षाला साडेचार हजारांहून जास्त पेपर काढत होतं.

वर्तमानपत्रांनी तेव्हा ‘लाज वाटली पाहिजे’ छापाचे मथळे दिले. मला वेगळीच शंका आली. बढतीसाठी पेपरांची अट २००९ पासून लागू. मग ज्या ३३२ ठिकाणी स्कोपसला पेपर दिसला नाही, तिथंही कुणी ना कुणी असोसिएट झालेच असतील, प्रोफेसर झालेच असतील, निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलंच असेल. ते कुठल्या पेपरांवर? एक तर ते पेपर अशा जर्नलांत आले, की जी स्कोपसला दिसत नाहीत पण निवड समितीला दिसतात. नाही तर समितीनंही टपालाची पावती चालवून घेतली.

उगाच एकतर्फी होतंय, तर दुसरी बाजू. सरकारी महाविद्यालयातल्या औषधवैद्यकशास्त्राच्या अध्यापकाचा सोमवार बघा. सकाळी ओपीडी, दारात रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत. मग राउंड, एका खाटेवर एक आणि खाटांच्या मधल्या सतरंजीवर एक. मग एमबीबीएसचं लेक्चर. मग अधिष्ठात्यांची मीटिंग, कारण वैद्यकीय आयोगाची तपासणी आली आहे आणि दोन अध्यापक कमी पडत आहेत. आधारशी जोडलेली हजेरी सकाळी लावलेली असते आणि संध्याकाळी पुन्हा लावायची असते. या दिवसात संशोधनाचा तास कुठे आहे? वेळापत्रकात नाही, बजेटमध्ये नाही, संशोधनासाठी मदतनीस नाही. फक्त बढतीच्या फॉर्ममध्ये आहे. चांगलं शिकवणारा, रुग्ण बघण्यात मुरलेला, विद्यार्थी ज्याच्या राउंडला दुसऱ्या युनिटमधून येतात असा अध्यापक पेपर नाही म्हणून मागं राहतो. आणि चार जणांच्या टोळीतला पुढं जाऊन त्याचा एचओडी होतो. माझ्या मते ही अट उद्या सकाळी काढून टाकावी. ज्यांना संशोधन करायचंय ते अटीशिवायही करतात. अट होती म्हणून कुणाला कुतूहल झालं, असं एकही उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

अटीशिवाय करणाऱ्यांत महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं नाव घ्यावंच लागतं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू. चावला की माणूस घामानं निथळतो, हातपाय गार पडतात आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरून गुदमरतो. मुलं तर फारच. तीस-चाळीस टक्के दगावायचे. बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नाडी, दाब आणि घाम लिहीत राहिले. मग पुण्याला बी. जे. मेडिकलमधून एमडी केलं. आणि तिथंच कुठे चिकटायचं सोडून हा गृहस्थ परत महाडला आला.

१९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये पेपर, विंचू चावल्यावर हृदय बिघडणार आहे हे आधी कुठल्या खुणांवरून ओळखायचं, त्याचा. लेखक एकच. म्हणजे वकिलांसारखाच असहकार. १९८६मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’, या वेळी पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्याबरोबर. विंचवाच्या विषानं शरीरात अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलता ढकलता थकतं. त्या नळ्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी दिली तर माणूस वाचतो, असा हा पेपर. मृत्यूचं प्रमाण पुढं एक टक्क्याच्या खाली आलं. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी आली : नुसती प्राझोसिन द्यायची, की सोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविषही? प्रतिविष जोडलं तर रुग्ण लवकर बरा होतो, असं निघालं. २०२२ साली पद्मश्री.

या सगळ्यात त्यांना कुणाची बढती नको होती. खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरला कुठे बढती असते? फार तर बाहेरच्या पाटीला नवा रंग. ज्यांना पेपर सक्तीचे त्यांच्या ३३२ संस्थांत शून्य. ज्याला सक्ती नाही त्याचे ‘लॅन्सेट’मध्ये.

वैद्यकीय आयोग मात्र सुधारणा करतोय, हेही सांगायला हवं. २०२५च्या नव्या नियमांनुसार किमान २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काम केलेल्या तज्ज्ञ डॉक्टरला थेट असोसिएट प्रोफेसर म्हणून नेमता येईल. ठीकच केलं. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षं साप, विंचू, बाळंतपणं आणि अपघात निस्तरलेला माणूस मुलांना काही तरी खरं सांगेल. आमच्या महाडच्या डॉक्टरांचा त्यात उपयोग नाही, कारण दवाखाना खाजगी आणि २२० खाटा मोजायला घेतल्या तर बाजूच्या चार बिल्डिंगा धराव्या लागतील. पण कुणी तसा दुसरा सरकारी बावस्कर निघालाच आणि नेमलाही गेला, तरी त्यानं लगेच हुरळून जाऊ नये. अध्यापकांना आता ‘बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च’ सक्तीचा आहे. ऑनलाइन असतो. व्हिडिओ बघायचे : संशोधनाचा प्रश्न कसा सुचतो, तो कसा मांडावा, नोंदी कशा ठेवाव्यात. शेवटी परीक्षा, बहुपर्यायी. पास झालं की प्रमाणपत्र मिळतं, ते साक्षांकित करून अर्जाला जोडायचं.